आत्याबाईंचं शून्य रुपयाचं तिकीट

आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात हरिपाठाची एक जुनी पोथी आहे. पोथी सासऱ्यांची. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण हरिपाठ तोंडपाठ आहे, त्यामुळे पोथी उघडायची वेळ कधी येत नाही. तिच्या पानांत आता एसटीची तिकिटं असतात. परवा मोजली, एकोणीस भरली. प्रत्येकावर रक्कम एकच, शून्य. यंत्रातून निघालेल्या त्या पातळ कागदावरची अक्षरं दोन-तीन महिन्यांत उडून जातात, म्हणून घरी आलो की माझी लेक तिकिटाच्या मागं बॉलपेननं गाव आणि तारीख लिहून ठेवते. वेरूळ. पैठण. खुल्ताबाद. पुन्हा पैठण.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या. जन्म कधीचा विचारलं तर "रझाकाराच्या साली" एवढंच सांगतात. आधारकार्डावर मात्र १ जून १९४८ लागलंय. तारीख माहीत नसली की आपल्याकडं शाळेपासून सगळीकडं १ जूनच लावतात. गंमत अशी, की एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जून १९४८ लाच. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबरला मोकळा झाला. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी यष्टी मव्ही बहीणच की." तेव्हापासून गाडी वेळेवर आली की "आली बाई बहीण" म्हणत पदर खोचून उठतात.

मी छत्रपती संभाजीनगरात, मुकुंदवाडीत राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरा वाळूजला कंपनीत आहे, रविवारीही कधी कधी शिफ्ट असते. घरात एक मोटारसायकल. तिच्यावर आम्ही चौघं मावत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला मागं बसवून तीस किलोमीटर न्यायचं माझ्या मनाला पटत नाही. भाड्यानं गाडी करायची म्हटलं की दिवसाचे दोन-अडीच हजार, वर ड्रायव्हरचं जेवण. म्हणून लग्न होऊन बावीस वर्षं या शहरात असून मी पाहिलेलं काय, तर बीबी का मकबरा आणि पाणचक्की. तेही पाहुणे आले म्हणून. वेरूळ तीस किलोमीटरवर, पैठण पन्नासवर, दौलताबाद तर पंधरावर. जवळच आहे, जाऊ कधीतरी, असं म्हणत सगळं राहून गेलेलं. आत्याबाई गावाकडून आमच्याकडं राहायला आल्या त्यालाही अकरा वर्षं झाली. त्यांनी घृष्णेश्वराचं दर्शन एकदा घेतलं होतं, दिंडीबरोबर, रात्रीच्या अंधारात. शेजारी लेणी आहेत हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

मग २०२३ साली दोन गोष्टी झाल्या. १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आणि जूनमध्ये आत्याबाईंना कागदोपत्री पंच्याहत्तर पूर्ण झाली. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी २०२२ च्या ऑगस्टपासूनच फुकट आहे. म्हणजे मी अर्धी, लेक अर्धी, आत्याबाई शून्य. तिघींचं मिळून एका माणसाचं भाडं. दोन ब्लाउजची शिलाई आली की एक रविवार निघतो, असा हिशेब मी मनाशी मांडला आणि शिवणयंत्राच्या खणात एक वेगळा डबा ठेवला. त्यात दर आठवड्याला थोडे पैसे पडतात. ते पैसे किराणाला लागत नाहीत, फीला लागत नाहीत, ते फिरायचे. हे लिहायला सोपं वाटतं, पण असा डबा ठेवायला मला पंचेचाळीसावं वर्ष उजाडावं लागलं. मी कुणाला विचारून जात नाही, सांगून जाते. हा फरक अर्ध्या तिकिटानं केलाय आणि त्याबद्दल मला मनापासून चांगलं वाटतं.

पहिला रविवार वेरूळचा. मुकुंदवाडीहून सिटी बसनं मध्यवर्ती बसस्थानक, तिथून पुढं लाल गाडी. पाटीवर "वेरूळ" लिहिलेल्या गाडीची वाट बघत बसायची गरज नाही. कन्नडकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला चढण्याआधी "खुल्ताबादवरून जाते का दादा?" एवढं विचारायचं. हो म्हणाला की चढायचं. बाहेरच्या नव्या रस्त्यानं जाणारी असेल तर तो आधीच सांगतो. छावणी, पडेगाव, मिटमिटा मागं पडलं की दौलताबादचा डोंगर डाव्या-उजव्या खिडक्यांतून डोकवायला लागतो. पुढं किल्ल्याच्या जुन्या वेशीतून गाडी अंग चोरून निघते. त्या वेशीत समोरून ट्रक आला की दहा मिनिटं गेलीच, पण त्या दहा मिनिटांत पेरूवाल्या बायका खिडकीशी येतात. दिवाळीच्या आधी गेलात तर सीताफळं. मग कागजीपुऱ्याचा चढ, जिथं अजून हातानं कागद करतात, मग खुल्ताबाद, आणि घाट उतरला की वेरूळ.

चाळीस-चाळीसची तीन तिकिटं काढून आम्ही थेट सोळा नंबरच्या लेण्यात गेलो. एकूण लेणी चौतीस, पण आत्याबाईंचे गुडघे धरून चालायचं तर सगळी होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. कैलास लेणं आधी बघायचं, सकाळी, ऊन चढायच्या आत. राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, कळस आधी आणि पाया शेवटी. लेकीनं हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, तिनं ते आजीला समजावून सांगितलं. आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय त्या शिल्पासमोर जाऊन उभ्या राहिल्या. खाली वीस हातांचा रावण जोर लावतोय, वर पार्वती घाबरून महादेवाला बिलगलीय, एक दासी पळत सुटलीय. त्या मला म्हणाल्या, "पोरी, पार्वती भ्यालीय बघ. अन् ह्यो निस्ता अंगठ्यानं दाबायलाय." मला ती गोष्ट माहीत होती, पण महादेवाच्या पायाच्या अंगठ्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. त्या अर्धा तास तिथंच बसल्या. आम्ही दोघी तोवर दहा नंबर बघून आलो. त्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, कारण आतल्या दगडी छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या कोरल्यात.

घृष्णेश्वर लेण्यांपासून चालत जाण्याइतकं जवळ. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधलं. श्रावणात आणि सोमवारी मात्र तिथं रांगेतच दिवस जातो. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी बंद. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब मंगळवारी जाऊन दारातून परत आलं होतं, लहान लेकरांना घेऊन.

आता पैठण. पैठणला आम्ही चार वेळा जाऊन आलो आणि अजून जाणार आहोत.

गाडी बिडकीन, ढोरकीन करत सव्वा-दीड तासात पोचवते. बसस्थानकातून आधी गावातला नाथांचा, म्हणजे संत एकनाथांचा वाडा. तिथं तो रांजण आहे, ज्यात श्रीखंड्या कावडीनं पाणी भरायचा. बारा वर्षं पाणी भरणारा तो गडी म्हणजे खुद्द पांडुरंग, ही गोष्ट आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. तुकाराम बीजेपासून रांजण भरायला सुरुवात होते आणि फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या दिवसांत एसटीला पाय ठेवायला जागा नसते, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल तर ते दिवस टाळा. साध्या रविवारी वाड्यात शांत असतं. आत्याबाई रांजणाला हात लावून उभ्या राहिल्या आणि जात्यावर दळताना म्हणायच्या त्या नाथांच्या भारुडातल्या चार ओळी हळू आवाजात म्हटल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. घरी जातंच नव्हतं ना.

मग गोदावरीकाठचं समाधी मंदिर. १५९९ साली नाथांनी इथंच नदीत जलसमाधी घेतली. जवळच नागघाट, ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ती जागा. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही धपाटे सोडले. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण, कोथिंबीर. हे सकाळी थापले की रात्रीपर्यंत काही होत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि स्टीलच्या डब्यात घट्ट दही. मी बाहेर खायच्या विरोधात नाही, पण घरचा डबा असला की दिवसाचा खर्च निम्म्यानं कमी होतो आणि आत्याबाईंचं पोट बिघडत नाही.

पैठणला माझा जीव गुंतला तो हातमागावर.

मी गेली अठरा वर्षं पैठणीवरचे ब्लाउज शिवतेय. लग्नसराईत तर महिन्याला दहा-बारा येतात. काठ कुठं लावायचा, बाहीवर मोर सरळ कसा येईल, पाठीवर पोपटाची जोडी मधोमध कशी बसवायची, हे मला झोपेतही जमेल. पण ते कापड तयार होताना मी कधी पाहिलं नव्हतं. पैठणला विणकाम केंद्रात ते बघायला मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक विणकर बाई पदर विणत होत्या, आणि पदरावर मुनिया, म्हणजे पोपट, उतरत होते.

ताण्याचे धागे समोर ताणलेले. बाईंच्या हाताशी रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या लोंबत होत्या, हिरवी, लाल, पिवळी, पांढरी. पोपटाच्या चोचीसाठी लाल कांडी तीनच धाग्यांतून फिरायची, लगेच हिरवीत अडकवायची आणि मागं यायची. डोळ्यासाठी पांढरी तर एकाच धाग्याभोवती. मग फणी ठोकली की ती रेघ बसली. अशी एक रेघ पुरी व्हायला मी मनात आकडे मोजले, दोनशेच्या वर गेले. आणि ती रेघ तरी किती, सुईच्या टोकाएवढी. पोपटाचं डोकं व्हायलाच अर्धा दिवस जात असावा. बाई म्हणाल्या, साध्या पदराची महिन्या-दीड महिन्यात उतरते, पदर भरगच्च असेल तर सहा-सहा महिने लागतात.

मी त्यांना विचारलं, उलटी बाजू बघू का? त्यांनी आरसा दिला, तो मागाच्या खालून धरायचा. आरशात तसाच पोपट. चोच तशीच, डोळा तसाच, कुठं सुटलेला धागा नाही, गाठ नाही. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या पैठण्यांतल्या बऱ्याच यंत्रावरच्या असतात. त्यांच्या उलट्या बाजूला धाग्यांचं जाळं असतं, हूक लावताना नख अडकलं तरी धागा ओढला जातो, म्हणून मी आतून अस्तर लावते. अस्तर का लावावं लागतं हे मला माहीत होतं, पण ते लावायची गरजच नसते असं कापड कसं होतं हे मला त्या आरशात कळलं. घरी आल्यावर पहिल्यांदा हातमागाची पैठणी कापायला घेतली तेव्हा माझी कात्री थांबली. गिऱ्हाईक बाईंना फोन केला आणि म्हटलं, ताई, ब्लाउजपीसमधला काठ मी अजिबात वाया घालवणार नाही, बाही दोन बोटं लांब करते, चालेल का? त्या हो म्हणाल्या.

आत्याबाईंच्या लग्नात पैठणी नव्हती. इरकल होतं. त्या मागाजवळ खाली बसल्या आणि विणणाऱ्या बाईंना विचारलं, "माय, पाठ दुखत असंल ना?" बाई म्हणाल्या, "दुखती आजी, पण पोपट झाला की बरं वाटतं."

तिथून जायकवाडी बघायला गेलो. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, असं का, तर आधी ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरलं होतं, पुढं जागा बदलली पण नाव तेच राहिलं. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला धरण पुरं झालं. सत्तावीस दरवाजे. शंभर टीएमसीच्या, म्हणजे शंभर अब्ज घनफुटांच्या वर पाणी मावतं. पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगोसुद्धा, लेकीला मोबाइलमध्ये मोठे करून दोन-तीन दिसले. आमच्या नळाला जे पाणी येतं ते इथलंच, रस्त्याच्या कडेनं मोठे पाइप शहराकडं गेलेले दिसतात. आणि आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. कधी आठवड्यानं येतं. आत्याबाई बांधाकडं बघत उभ्या होत्या. "एवढं पाणी हाय," म्हणाल्या, "अन् आपुन हंडे भरून ठिवताव." मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. मला याचा राग आहे आणि तो मी इथं लिहून ठेवते.

दुसरा राग बसस्थानकांवरच्या स्वच्छतागृहांचा. कुठलं स्थानक ते लिहीत नाही, पण परतीच्या वाटेवर एका ठिकाणी "महिलांसाठी मोफत" अशी पाटी डोक्यावर असताना दारातल्या माणसानं पाच-पाच रुपये मागितले. मी पाटीकडं बोट दाखवलं तर म्हणाला, ती जुनी आहे. आत कडी नव्हती, पाणी नव्हतं. मी बाहेर दार धरून उभी राहिले, आत्याबाई गेल्या, मग लेक दार धरून उभी राहिली, मी गेले. पंधरा रुपये आत्याबाईंनी कनवटीतून काढून दिले, कारण त्यांना भांडण नको होतं. पैशाचं काही नाही. पण बायका घराबाहेर पडत नाहीत त्यामागं हे एक मोठं कारण आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. अर्ध्या तिकिटाइतकंच हेही महत्त्वाचं आहे. आम्ही आता पिशवीत एक बाटली वेगळी भरून घेतो आणि कडी नसेल तर बांधायला एक नाडी.

अजिंठ्याला आत्याबाई आल्या नाहीत. शंभर किलोमीटर आणि वर पायऱ्या. तिथं डोलीवाले असतात, पण "माणसाच्या खांद्यावर जित्तेपणी बसत नसत्यात" म्हणाल्या. मग मी आणि लेक दोघीच गेलो, जळगावच्या गाडीनं. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव. कंडक्टर "अजिंठा, अजिंठा" ओरडला आणि आम्ही उतरलो. गाडी गेली, आणि समोर बाजारपेठ. ते अजिंठा गाव होतं. लेणी तिथून घाट उतरून आणखी दहा-बारा किलोमीटर पुढं, फर्दापूरच्या बाजूला. पाऊण तास गेला पुढची गाडी मिळेपर्यंत. तेव्हा तुम्ही जाल तर तिकीट काढतानाच म्हणायचं, "लेणी, टी-पॉइंट." टी-पॉइंटला उतरून तिथून लेण्यांपर्यंत वेगळ्या बसनं जायचं, बाहेरच्या गाड्या आत सोडत नाहीत.

लेणी तीस. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी कोरलेली. अंधारात डोळे स्थिर व्हायला वेळ द्यायचा, घाई करायची नाही. सगळे जण पहिल्या लेण्यात पद्मपाणी बघायला गर्दी करतात. मीही बघितला, सुंदर आहे. पण मी थांबले ती महाजनक जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्माच्या गोष्टीच्या चित्रापाशी. तिथं एक नर्तकी आहे, आणि तिच्या अंगात शिवलेली चोळी आहे. पूर्ण बाह्यांची. मी लेकीचा हात धरला. बाही खांद्याला जोडलीय ती जागा दिसते. दंडाला कापड घट्ट बसलंय, मनगटापर्यंत. नुसतं गुंडाळलेलं कापड तसं बसतच नाही, त्याला कापावं लागतं, आकार द्यावा लागतो, शिवावं लागतं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या बाईच्या हाताचं माप घेतलं होतं. मुंढा कापला होता. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला माझं काम कधी मोठं वाटलं नव्हतं. पहारेकरी दोनदा "चला पुढं" म्हणाला, तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, ताई, काय बघताय एवढं? मी म्हटलं, बाही. तो चित्राजवळ आला आणि आमच्याबरोबर बघायला लागला.

परतताना साडेतीनलाच टी-पॉइंटला आलो, आणि तेच बरं झालं. संध्याकाळी तिथं गाड्या भरून येतात आणि भरलेली गाडी थांबेलच असं नाही.

दौलताबादबद्दल थोडक्यात सांगते. गड चढायचा तर तरुण पायांचं काम आहे, अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि खंदक बघताना लेक खुश झाली, मी मेंढा तोफेपर्यंत जाऊन बसले. पण आत्याबाईंसाठी खालचा भाग पुष्कळ आहे, चांदमिनारापर्यंत वाट सपाट आहे. खुल्ताबादला मात्र त्यांना नेलंच पाहिजे होतं, भद्रा मारुतीसाठी. झोपलेला मारुती त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्याच गावात मलिक अंबरची कबर आहे, ज्यानं आपल्या शहराला नहरींनी पाणी आणलं. तिथं फारसं कुणी जात नाही. आम्ही गेलो, पाच मिनिटं थांबलो. पाण्याचं ज्यानं केलं त्याला नमस्कार करावा, असं आत्याबाई म्हणाल्या आणि केला.

आता मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते, आमची पद्धत साधी आहे. सकाळी सातच्या आत घर सोडायचं. उतरल्या उतरल्या पहिलं काम, परतीची शेवटची गाडी कधीची ते स्थानकावरच्या माणसाला विचारायचं, फलकावरचं वाचून भागत नाही. शेवटच्या गाडीनं यायचं नाही, तिच्या आधीचीनं यायचं. पन्नास-पन्नासच्या आणि दहा-दहाच्या नोटा जवळ ठेवायच्या, सुट्या पैशांवरून कंडक्टरचं आणि आपलं डोकं तापत नाही. म्हाताऱ्या माणसाचं आधारकार्डासारखं ओळखपत्र बरोबर पाहिजे. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारचं फिरायचं मनातही आणू नका. जून सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत आपले दिवस. डिसेंबर-जानेवारीत वाटेत कुठं हुरडा दिसला तर त्या दिवसाचा बेत बदलला तरी चालतो.

गेल्या महिन्यात आत्याबाई म्हणाल्या, रेल्वेत बसून लई वरीस झाले. त्यांच्या लहानपणी सेलूच्या स्टेशनावर कोळशाचं इंजिन यायचं. मनमाड-काचीगुडा लाइन, तेव्हा छोट्या रुळांची. मुकुंदवाडीला स्टेशन आहे, मोजक्याच गाड्या थांबतात, पण आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. म्हटलं, सेलूपर्यंत नको, जालन्यापर्यंत जाऊ, साठ किलोमीटर. रेल्वेत बायकांना अर्धं तिकीट नाही, आणि म्हाताऱ्यांची जी सवलत होती ती २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. तरी जनरलचं तिकीट परवडतं.

चिकलठाणा गेलं, करमाड गेलं. खिडकीशी बसून आत्याबाई पुढचं स्टेशन यायच्या आधी नाव सांगायच्या. बदनापूर. दिनागाव. वाचता येत नसलेल्या बाईला सगळी लाइन पाठ. डब्यात मोसंबीच्या पाट्या घेऊन एक बाई बसली होती, तिचं माहेरही सेलूकडचं निघालं. मग जालना येईपर्यंत दोघींच्या नात्यागोत्यांची उजळणी चालली, कुणाची लेक कुणाकडं दिली, कुणाची विहीर आटली. "जालना सोने का पालना" म्हणतात, आम्ही तिथं उतरून फक्त बाजारात चक्कर मारली, देवळात बसून धपाटे खाल्ले आणि दुपारच्या गाडीनं परत आलो. बघितलं म्हणावं असं काहीच नाही. आत्याबाई त्या दिवशी जेवढ्या बोलल्या तेवढ्या अकरा वर्षांत बोलल्या नव्हत्या.

रात्री लेकीनं तिकीट मागितलं, मागं लिहायला. आत्याबाईंनी पोथी काढली, तिकीट हातात धरलं आणि विचारलं, "ह्याच्यावर काय लिव्हलंय?"

लेक म्हणाली, "पैसे लिहिलेत आजी. हे शून्याचं नाही."

"मंग हे निराळं ठिव," त्या म्हणाल्या. "सेलूचंबी असंच पैशाचं असंल. दोन्ही एकाजागी राहतील."

डब्यात सध्या दोनशे ऐंशी रुपये आहेत.